सातशे प्रकाशवर्षांवरचा गंधक

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टची पहिली फाईल उघडली तेव्हा स्क्रीनवर आली एक करडी पट्टी. ३२ पिक्सेल उंच, २,०४८ पिक्सेल लांब. तिच्यातून किंचित कमान टाकत जाणारी एक उजळ रेघ. ही रेघ म्हणजे वॉस्प-३९ नावाच्या ताऱ्याचा प्रकाश, जेम्स वेब दुर्बिणीने तरंगलांबीप्रमाणे फाकवून टिपलेला. मला अभ्यास करायचा होता त्याच्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाच्या हवेचा. तो ग्रह त्या पट्टीत कुठेच नव्हता, आणि पुढच्या सात महिन्यांत मी तो एकदाही पाहिला नाही. त्या रेघेचा उजेड पावणेतीन तासांसाठी दोन टक्क्यांनी उतरतो, एवढीच त्याची खूण. त्या दोन टक्क्यांतही बहुतेक सगळा वाटा ग्रहाच्या ठोस सावलीचा. हवेचा वाटा शोधायचा तो उरलेल्या चिमूटभरात.

हा विषय मी का घेतला, याचं उत्तर ६ जून २०१२ च्या सकाळी आहे. चौथीची परीक्षा होऊन सुट्टी लागली होती, तरी आमच्या सरांनी आम्हाला पहाटे शाळेच्या पटांगणात बोलावलं होतं. शुक्राचं अधिक्रमण होतं, म्हणजे शुक्र सूर्यबिंबासमोरून सरकणार होता. आपल्याकडे त्या दिवशी सूर्य उगवला तोच बिंबावर शुक्राचा ठिपका घेऊन. आभाळ भरलेलं होतं, पण एका फटीतून सूर्य आला आणि सरांनी लहान दुर्बिणीतून पांढऱ्या पुठ्ठ्यावर त्याचं बिंब पाडलं. त्यावर मोहरीएवढा काळा ठिपका. सर म्हणाले, "हा पुन्हा दिसायला २११७ साल उजाडावं लागेल. आपल्यापैकी कुणी नसणार तेव्हा." त्या ठिपक्याने सूर्याचा जेमतेम हजारावा भाग झाकला होता. बारा वर्षांनी कळलं, की तोच खेळ दूरच्या ताऱ्यांपुढे रोज चालू असतो आणि काही ग्रह दर चार दिवसांनी अधिक्रमण करतात.

पहिल्या भेटीत माझ्या प्रोजेक्ट गाइड मॅडमनी मला इतिहास सांगितला तो फार थोडक्यात. १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांना ५१ पेगासी या ताऱ्याभोवती गुरूसारखा ग्रह सापडला, फेरी अवघ्या सव्वाचार दिवसांची. एवढा मोठा ग्रह ताऱ्याच्या इतक्या जवळ असू शकतो हे पटायलाच लोकांना वेळ लागला. २०१९ साली दोघांना नोबेल मिळालं. या तप्त गुरूंपैकी एकाच्या हवेत २००२ साली डेव्हिड शार्बनो आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीतून सोडियम शोधला. बाह्यग्रहाच्या, म्हणजे दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाच्या, हवेत सापडलेला तो पहिला पदार्थ. मग मॅडमनी विचारलं, "आपल्या देशाने नाव दिलेला तप्त गुरू कोणता?" मला ठाऊक नव्हतं. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याचा ग्रह नाव ठेवायला दिला होता. भारताने ताऱ्याला नाव दिलं बिभा, पदार्थविज्ञानातल्या संशोधक बिभा चौधुरी यांच्यावरून, आणि ग्रहाला संतामस, म्हणजे ढगाळलेला. फेरी दोन दिवस आणि काही तासांची. मी लगेच म्हटलं, मग मला संतामसच द्या. मॅडम हसल्या. तो आपल्या बाजूने ताऱ्यासमोरून जाताना कधी दिसलेला नाही, त्यामुळे माझी पद्धत तिथे चालणार नव्हती. आजही त्याचं मला वाईट वाटतं. नाव इतकं सुंदर आणि हवा बघायची ही वाट बंद.

म्हणून वॉस्प-३९ बी. कन्या राशीत, सुमारे ७०० प्रकाशवर्षांवर. वजनाने शनीएवढा, आकाराने मात्र गुरूच्या सव्वापटीहून मोठा, म्हणजे फुगलेला. बुध सूर्यापासून जेवढा लांब आहे त्याच्या आठव्या भागावरून तो आपल्या ताऱ्याभोवती चार दिवसांत फिरतो. तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास.

हवा ओळखायची युक्ती ऐकायला सोपी आहे. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा थोडा प्रकाश त्याच्या कडेच्या हवेच्या कड्यातून गाळून आपल्यापर्यंत येतो. एखादा वायू ज्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतो, त्या तरंगलांबीला ते कडं अपारदर्शक होतं आणि ग्रह किंचित मोठा दिसतो. दुसऱ्या तरंगलांबीला पुन्हा लहान. म्हणजे काम काय, तर एकाच ग्रहाचा घेर दीडशे-दोनशे वेगवेगळ्या अवरक्त रंगांत मोजायचा आणि तो कुठे वाढतो ते बघायचं.

तो किती वाढेल याचं गणित मॅडमनी पहिल्या आठवड्यातच हाताने करायला लावलं. हवेची जाडी मोजायचं एक माप असतं: किती उंच गेल्यावर दाब साधारण एक तृतीयांशावर येतो. पृथ्वीवर ते साडेआठ किलोमीटर. तापमान जास्त असेल, गुरुत्वाकर्षण कमी असेल आणि हवा हलक्या वायूंची असेल तर हे माप वाढतं. मी वहीच्या शेवटच्या पानावर आकडे घातले. हायड्रोजन-हेलियमची हवा, पृथ्वीच्या निम्म्याहूनही कमी गुरुत्व, ९०० अंश तापमान. उत्तर आलं ९८० किलोमीटर. शून्य चुकलं असेल म्हणून पुन्हा केलं. पुन्हा ९८०. अशा एका जाडीने ताऱ्याच्या उजेडात पडणारा फरक दहा हजारांत साडेचार भाग. पृथ्वीवरच्या दुर्बिणीतून हे मोजताना आपलीच हवा आड येते, आणि ४.३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन) तरंगलांबीला तर आपल्या हवेतला कार्बन डायऑक्साईड दारच लावून घेतो. म्हणून १५ लाख किलोमीटरवर, साडेसहा मीटर आरशाची दुर्बीण.

डेटा जगात कुणालाही फुकट उतरवून घेता येतो, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते. वेब दुर्बिणीच्या पहिल्याच वर्षी एका मोठ्या आंतरराष्ट्रीय गटाने या ग्रहाकडे चार वेगवेगळ्या पद्धतींनी बघितलं, आणि पुढच्या लोकांनी शिकावं म्हणून ते सगळं लगोलग खुलं केलं. त्यातलं ३० जुलै २०२२ रोजी सुरू झालेलं निरीक्षण मी घेतलं. निअरस्पेक या उपकरणातली जी-३९५-एच ही प्रकाश फाकवणारी जाळी. सव्वाआठ तास सलग एकाच ताऱ्याकडे टक लावून घेतलेल्या ४६५ नोंदी, साधारण मिनिटाला एक. मॅडमची एकच अट होती: या निरीक्षणावरचे शोधनिबंध माझा वर्णपट हातात येईपर्यंत उघडायचे नाहीत. "तू आधी उत्तर बघितलंस तर तुझा हात त्याच दिशेने वळेल. मुद्दाम नाही, पण वळेलच." कार्बन डायऑक्साईड सापडल्याची बातमी मी वर्तमानपत्रात वाचली होती, तेवढं माफ होतं.

पहिले दोन महिने गेले ग्रह नसलेल्या गोष्टी काढून टाकण्यात.

प्रत्येक नोंद म्हणजे एक फोटो नसतो. डिटेक्टरचा प्रत्येक पिक्सेल पावसात ठेवलेल्या भांड्यासारखा भरत जातो आणि उपकरण ते भांडं रिकामं न करता ७० वेळा वाकून बघतं: आता किती, आता किती. त्या ७० आकड्यांमधून एक तिरकी रेषा काढायची, तिचा चढ म्हणजे प्रकाश. मध्येच एखादा वैश्विक किरण येऊन आदळला तर भांडं एकदम उचंबळतं, ती उडी ओळखून वगळायची. माझ्या लॅपटॉपला आठ जीबी रॅम. कच्च्या फायली चार-चार जीबीच्या, पण प्रक्रिया करायला घेतल्या की फुगायच्या आणि लॅपटॉप गप्प व्हायचा. शेवटी निरीक्षणाचे लहान तुकडे करून रात्री एकेक लावायची आणि सकाळी उठून बघायची सवय लागली.

मग पट्ट्या. डिटेक्टर वाचताना विद्युतमंडलाचा स्वतःचा एक हेलकावा त्यात मिसळतो. चित्र ताणून बघितलं की उजळ रेघेच्या वर-खाली उभ्या पट्ट्यापट्ट्या दिसतात, जुन्या टीव्हीला अँटेना नीट लागला नाही की दिसायच्या तशा. उपाय सरळ आहे. प्रत्येक स्तंभात ताऱ्याचा प्रकाश जिथे पडत नाही ते पिक्सेल घ्यायचे, त्यांची मधली किंमत काढायची आणि त्या स्तंभातून वजा करायची. मी केलं. चित्र लख्ख झालं. फार बरं वाटलं.

तीन आठवड्यांनी लक्षात आलं, की ताऱ्याचा वर्णपट एका टोकाला विनाकारण खचलाय. ताऱ्याचा प्रकाश असा अचानक पडत नाही. शोधत शोधत मागे गेले तर चूक त्या पहिल्या पायरीतच. रेघ वाकडी आहे, आणि पार्श्वभूमी मोजताना ती वगळली जावी म्हणून मी तिच्यावर घातलेलं झाकण सरळ होतं. एका टोकाला रेघ झाकणाबाहेर डोकावत होती आणि मी ताऱ्याचाच प्रकाश पार्श्वभूमी समजून वजा करत होते. पुन्हा पहिल्यापासून. यावेळी आधी प्रत्येक स्तंभात रेघेचा मध्य काढला, त्यातून वक्र बसवला आणि झाकण त्या वक्राबरोबर वळवलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझा पहिला प्रकाशवक्र तयार झाला. सगळ्या तरंगलांबींचा प्रकाश एकत्र करून वेळेसमोर मांडलेला. डावीकडे सपाट रेषा, मग उतार, मग तळ, मग चढ, पुन्हा सपाट. तळ अगदी सपाट नसतो, थोडा वाटीसारखा गोल असतो, कारण ताऱ्याची चकती मध्यभागी जास्त उजळ असते आणि कडेला मंद. होस्टेलच्या खोलीत रात्री दीड वाजता मी तो आलेख बघितला आणि मला पुठ्ठ्यावरचा तो मोहरीएवढा ठिपका आठवला. सातशे वर्षं चालत आलेला उजेड, आणि त्यावर ४६५ ठिपक्यांनी काढलेली एक वाटी.

पण वाटीच्या तळाला एक पायरी होती. अधिक्रमण चालू असताना ठिपके एका पातळीवर चालले होते आणि एका मिनिटात दुसऱ्या पातळीवर गेले.

या पायरीने माझे सोळा दिवस घेतले. ते सोळा दिवस मला सगळ्यात जास्त शिकवून गेले, म्हणून सविस्तर सांगते.

आधी मी स्वतःलाच दोषी धरलं. फायलींचे तुकडे मी केले होते, तेव्हा जोड चुकला असेल. पायरी कुठल्या नोंदीवर आहे ते बघितलं. जोड तिथे नव्हताच. मग वाटलं, ताऱ्यावरचा डाग. ग्रह डागावरून सरकला की त्या वेळापुरता प्रकाशाचा वक्र हलतो, हे वाचलेलं होतं. मी खूश झाले, ताऱ्यावरचा डाग आपल्याला सापडला म्हणून. रूममेट तर म्हणाली, "अगं, चंद्र असेल त्या ग्रहाला!" आणि एक संपूर्ण संध्याकाळ मी तेही मनात घोळवलं. दुसऱ्या दिवशी मॅडमना दाखवलं. त्यांना उत्तर माहीत होतं, हे मला नंतर कळलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं: "डाग मागे पडल्यावर वक्र कुठे जायला हवा?"

पुन्हा मूळ जागेवर. ग्रह डागावरून गेला की परिणाम संपायला हवा. माझी पायरी संपत नव्हती. अधिक्रमण आटोपल्यावरची सपाट रेषासुद्धा आधीच्या रेषेच्या पातळीला येत नव्हती. म्हणजे जे घडलं ते ताऱ्यावर नाही आणि ग्रहावरही नाही. ते आपल्या बाजूला घडलं होतं.

मग मी प्रकाश किती आला हे बघणं सोडून तो कसा पडला ते बघायला लागले. प्रत्येक नोंदीत रेघेची जाडी मोजली. ४६५ जाड्यांचा आलेख काढला आणि तिथे तीच पायरी, त्याच नोंदीवर, अधिक्रमणाच्या वाटीशिवाय, एकटी, स्वच्छ. ताऱ्यावर काहीही झालं तरी डिटेक्टरवरची रेघ जाड-बारीक होत नाही. ती होते दुर्बिणीचा आरसा हलला तर. वेबचा आरसा १८ षटकोनी तुकड्यांचा आहे. त्यातला एखादा तुकडा कधी कधी अतिसूक्ष्म अंतराने कलतो आणि तसाच राहतो. नेमकं या अधिक्रमणाच्या मध्यावर तसं झालं होतं. मॅडमनी तेव्हा सांगितलं, की मूळ गटालाही ही पायरी दिसली होती आणि त्यांनी ती शोधनिबंधात नीट नोंदवून ठेवलीय. तो निबंध मी पहिल्या दिवशी वाचला असता तर सोळा दिवस वाचले असते. तरी मॅडमच्या अटीबद्दल माझ्या मनात कधी राग आला नाही. रेघेची जाडी मोजायची बुद्धी मला वाचून झाली नसती.

दुरुस्ती त्यामानाने साधी होती. पायरीच्या आधीचा आणि नंतरचा भाग यांच्यातला फरक प्रत्येक तरंगलांबीला वेगळा काढायचा, कारण कललेल्या आरशाचा परिणाम सगळ्या रंगांवर सारखा नसतो, आणि तो फरक ग्रहाच्या घेराबरोबर एकाच वेळी बसवायचा.

त्यानंतरचा टप्पा म्हणजे वाट बघणं. रेघेचे उभे काप करायचे, प्रत्येक कापाचा वेगळा प्रकाशवक्र, प्रत्येक वक्रात ग्रहाचा घेर. लाखो वेळा किंचित वेगळे आकडे घालून संगणक बघत राहतो कुठले आकडे ठिपक्यांशी जुळतात. नाताळच्या सुट्टीत मी घरी आले ते हे काम लॅपटॉपवर चालू ठेवूनच. गावात वीज जायची, म्हणून दर काही मिनिटांनी काम साठवून ठेवायची सोय केली.

३१ डिसेंबरला दुपारी शेवटचा काप संपला. मी दीडशे ठिपके तरंगलांबीसमोर मांडले. घराच्या सोप्यात, आईने वाळत घातलेल्या सांडग्यांशेजारी बसून. डावीकडे पाण्याच्या वाफेचा लांबट उतार. मधे दोन डिटेक्टरांमधली फट. आणि ४.३ मायक्रॉनला डोंगर. ग्रहाने झाकलेला उजेड २.१ टक्क्यांवरून चढत २.२५ च्या वर गेलेला. हा कार्बन डायऑक्साईड. बातमीत वाचलेला, माहीत असलेला, तरी मी तोंडावर हात ठेवून बसले. आईने विचारलं, "काय गं, चांगलं का वाईट?" मी म्हटलं, "चांगलं."

त्या डोंगराच्या डाव्या पायथ्याशी, ४.०५ मायक्रॉनजवळ, आणखी एक छोटी गाठ होती. ही बातमीत वाचलेली मला आठवत नव्हती. आणि पायरीचे सोळा दिवस ताजे होते, त्यामुळे पहिला विचार आला: ही माझीच कुठली तरी चूक.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, सहकारी साखर कारखान्यात बॉइलिंग हाऊसला आहेत. गाळप हंगाम चालू असला की त्यांची पाळी आठवड्याला बदलते. त्या संध्याकाळी ते घरी होते. मी त्यांना आलेख दाखवला, डोंगर समजावला. त्यांनी बोट ठेवलं ते बरोबर गाठीवर. "आन् हे काय?"

"ते बघायचंय अजून. वायूंच्या यादीशी ताडून बघते."

यादी म्हणजे कुठला रेणू कुठल्या तरंगलांबीला प्रकाश शोषतो त्याचे तक्ते. त्या रात्री मी एकेक रेणू आलेखावर ठेवून बघितला. मिथेन जुळत नव्हता. हायड्रोजन सल्फाईडही नाही, आणि गणिताप्रमाणे अशा हवेत गंधक असायला हवा तो त्याच रूपात. नेमका बसला तो सल्फर डायऑक्साईड.

मला खरंच त्याचा वास आला. लहानपणी आण्णांचा डबा घेऊन मी कारखान्यात जायची. उसाचा रस शुद्ध करताना त्यात चुना घालतात आणि गंधकाचा धूर सोडतात, त्यानेच रस निवळतो आणि साखर पांढरी होते. गंधक जळतो ती भट्टी आण्णांनी एकदा मला लांबून दाखवली होती. पिवळे खडे आणि काचेच्या भोकातून दिसणारी निळी ज्योत. वास नाकात नाही, घशात बसायचा. पाळीवरून आल्यावर आण्णांच्या शर्टालाही तो असायचा, आणि आई ते कपडे वेगळे भिजवायची. तो वास म्हणजे हाच रेणू, एक गंधक, दोन प्राणवायू.

सकाळी चहाच्या वेळी आण्णांना सांगितलं, की त्या गाठीला तुमच्या भट्टीतला धूर जुळतोय. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "तिथं गंधक जाळतंय कोण?"

खगोलशास्त्रज्ञांना पडलेला प्रश्न नेमका हाच होता, हे मला दोन आठवड्यांनी निबंध उघडल्यावर कळलं. वेबच्या पहिल्या निरीक्षणातही ही गाठ दिसली होती आणि २०२२ च्या पहिल्या निबंधात ती ओळख न पटलेली म्हणूनच छापली गेली होती. नुसत्या उष्णतेवर सोडलं तर अशा हायड्रोजनने भरलेल्या हवेत सल्फर डायऑक्साईड टिकायला नको. उत्तर निघालं ताऱ्याच्या प्रकाशातून. ग्रह इतका जवळ, की ताऱ्याचे अतिनील किरण वरच्या थरातली पाण्याची वाफ फोडतात. त्यातून सुटे हायड्रोजन अणू आणि हायड्रॉक्सिलचे तुकडे सुटतात. सुटे हायड्रोजन हायड्रोजन सल्फाईडला फोडून गंधक मोकळा करतात आणि हायड्रॉक्सिल त्याला एकेक पायरीने प्राणवायू जोडत सल्फर डायऑक्साईडपर्यंत नेतात. ताऱ्याच्या उजेडाने घडलेलं रसायन एखाद्या बाह्यग्रहावर सापडल्याचा तो पहिला पुरावा. आपल्या ओझोनचा थरसुद्धा अशाच, सूर्यप्रकाशाने घडवलेल्या रसायनातून बनतो.

हे मी आण्णांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमी बर्नरला जाणारी हवा कळीच्या चुन्यावरनं नेऊन कोरडी करतो. पाण्याचा अंश ऱ्हायला तर आम्ल होऊन पाइप खातंय. आन् तिथं पाणीच गंधक जाळतंय म्हणतीस?"

"हो आण्णा. पाणीच."

याआधी जानेवारीत मला त्या गाठीशी भांडावं लागलं होतं, तेही सांगायला हवं. निबंध उघडायच्या आधी मॅडमनी तीन गोष्टी करायला सांगितल्या. कापांची रुंदी बदलून बघायची, झाकणाची रुंदी बदलून बघायची, आणि पायरीच्या आजूबाजूच्या नोंदी पूर्ण वगळून बघायचं. डोंगर तिन्ही वेळा जागचा हलला नाही. गाठ मात्र कापांच्या एका रुंदीला जवळजवळ विरून गेली. त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी बघितलं तर त्या रुंदीचे काप इतके मोठे झाले होते, की गाठ आणि डोंगराचा पायथा एकाच कापात पडत होते. बारीक काप केले तेव्हा ती परत आली, आणि उरलेल्या दोन्ही कसोट्यांना टिकली. गाठ धरून आणि गाठ सोडून अशा दोन्ही प्रकारे मॉडेल बसवलं. मूळ गटाला याच निरीक्षणातून सल्फर डायऑक्साईडचा पुरावा ४.८ सिग्माचा मिळाला होता (सिग्मा हे खात्रीचं माप, जितका जास्त तितका पुरावा पक्का). माझा सव्वातीनचा आला. मी प्रबंधात सव्वातीनच लिहिले आणि का कमी आले असावेत तेही लिहिलं: पाच मायक्रॉनच्या पुढे माझ्या नोंदी जास्त विखुरलेल्या आहेत आणि पायरीची दुरुस्ती मी त्यांच्यापेक्षा साधी केलीय.

निबंधातला आलेख आणि माझा आलेख मॅडमच्या टेबलावर एकावर एक ठेवला तो दिवस १७ जानेवारी. मॅडमनी पारदर्शक कागदावर माझा छापून घेतला होता. खिडकीच्या उजेडात धरला. डोंगरावर डोंगर बसला. गाठीवर गाठ. फटीजवळच्या चार-पाच ठिपक्यांना माझं उत्तर थोडं वर होतं. मॅडमनी त्या ठिपक्यांभोवती पेन्सिलने गोल केला आणि म्हणाल्या, "हे का, ते शोध."

होळीला घरी गेले तेव्हा हंगाम संपत आला होता. आण्णा रात्रपाळीला निघायच्या बेतात होते. मी त्यांना नवीन वाचलेलं सांगितलं. हा ग्रह आपला एकच चेहरा सतत ताऱ्याकडे धरून असणार, चंद्र आपल्याकडे धरतो तसा. एका बाजूला कायमचा दिवस, दुसऱ्या बाजूला कायमची रात्र. अधिक्रमणात आपल्याला दिसते ती कड असते दिवस आणि रात्रीच्या सीमेवरची, एकीकडे न संपणारी पहाट आणि दुसरीकडे न संपणारी संध्याकाळ. २०२४ मध्ये वेबच्याच नोंदींतून या दोन कडा वेगळ्या काढल्या गेल्या आणि संध्याकाळची कड पहाटेच्या कडेपेक्षा जवळपास दोनशे अंशांनी जास्त तापलेली निघाली. दिवसाकडून वाहणारे वारे उष्णता आधी तिकडे नेतात.

आण्णा चपला घालत ऐकत होते. "मग आपला गंधकाचा धूर कुठल्या अंगाला जास्त? पहाटंच्या का सांजच्या?"

मी म्हटलं, "तेच काढायला घेतलंय. अधिक्रमण सुरू होतानाच्या आणि संपतानाच्या नोंदी वेगळ्या करतेय."

कारखान्याचा भोंगा झाला. आईने डबा हातात दिला. आण्णा फाटकापाशी थांबून म्हणाले, "झालं की फोन कर. रात्री केलास तरी चालंल, मी जागाच असतोय."